काठावरची नोकरी

*ताई, आम्ही सव्वीस वर्षं टेक्सासमध्ये आहोत. धाकटी इथेच जन्मली, सहाव्या वर्षापासून पोहते. कॉलेजच्या संघात चार वर्षं होती आणि शेवटच्या वर्षी २०० यार्ड बटरफ्लायमध्ये तिच्या कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या गटाची, चॅम्पियन झाली. मे महिन्यात स्टॅटिस्टिक्सची पदवी मिळाली. डॅलसच्या एका विमा कंपनीतली नोकरी पक्की होती. ती सोडून आता दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात मुलींच्या संघाची ग्रॅज्युएट असिस्टंट कोच व्हायचं म्हणते. मास्टर्सची फी माफ, वर हातखर्चापुरते पैसे. हे म्हणतात, "पोहायला शिकवायला स्टॅटिस्टिक्स कशाला लागतं?" साताऱ्याहून सासूबाई फोनवर रोज विचारतात, पोरगी नक्की काय करणार. आणखी एक. कॉलेजची पहिली दोन वर्षं कोचच्या बोलण्याने ती फोनवर रडायची. आता म्हणते, "तिनेच मला घडवलं, मी पण तशीच होणार." तिला अडवू का?*
*— एक आई, ह्यूस्टन*

अडवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. बावीस वर्षांची चॅम्पियन मुलगी अडवून अडत नाही. अडलीच, तर विमा कंपनीत बसून दर फेब्रुवारीत चोरून कॉन्फरन्सचे निकाल बघेल आणि मार्चमध्ये तुमच्याशी भांडेल.

तुमच्या पत्रात तीन माणसं बोलतात. यजमान, सासूबाई आणि तुम्ही. पहिल्या दोघांचं नंतर बघू. तुमचं स्वतःचं जे आहे ते तुम्ही तळाशी, "आणखी एक" म्हणून लिहिलंय. मला विचाराल तर ते दोन ओळींचं "आणखी एक" हेच पत्र आहे.

माझा या विषयातला अधिकार किती, तेही सांगते. मी पोहायला शिकले ती मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मामाने वरून ढकललं, एवढंच कोचिंग. इथे आल्यावर मुलाला समर लीगमध्ये घातलं आणि पुढची नऊ वर्षं उन्हाळ्यातल्या दर शनिवारी लेनच्या टोकाला गळ्यात स्टॉपवॉच अडकवून, ओल्या बुटांनी वेळ घ्यायला उभी राहिले. मुलगा कधी जिंकला नाही. पण जिंकणाऱ्याची आई समोरच्या बोर्डाकडे बघत असते, हरणाऱ्याच्या आईला कोचकडे बघायला भरपूर वेळ मिळतो. तेवढ्या भांडवलावर लिहिते आहे.

तुम्ही टेक्सासच्या, म्हणून ऑस्टिनपासून सुरुवात करू. जिल स्टर्केल हे नाव मुलीला विचारा, तिला माहीत असेल. १९७६ चं मॉन्ट्रियल ऑलिंपिक. पूर्व जर्मनीच्या मुलींनी पोहण्यातल्या तेरापैकी अकरा शर्यती जिंकल्या. त्यामागे सरकारी देखरेखीखाली दिलेली औषधं होती हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं, पण त्या आठवड्यात अमेरिकेच्या मुली नुसत्या हरत होत्या. शेवटची शर्यत उरली, ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाइल रिले. किम पेटन, वेंडी बोग्लिओली, जिल स्टर्केल, शर्ली बाबाशॉफ. तिसरी उतरली ती स्टर्केल, वय पंधरा. तिने पिछाडी भरून काढली, वर आघाडी घेतली, बाबाशॉफने ती सोडली नाही, आणि ३ मिनिटं ४४.८२ सेकंदांचा जागतिक विक्रम झाला. त्या मुलींचं त्या ऑलिंपिकमधलं ते एकमेव सुवर्ण. पुढे १९८० ला अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला आणि तिचं ते ऑलिंपिक बुडालं. ८४ ला रिलेची प्राथमिक फेरी पोहून पुन्हा सुवर्ण, ८८ ला सोलमध्ये सत्ताविसाव्या वर्षी ५० मीटरमध्ये कांस्य. अमेरिकेच्या चार ऑलिंपिक संघांत निवड झालेली पोहण्यातली ती पहिली बाई. मधल्या काळात टेक्सास विद्यापीठाकडून पोहली. तो संघ १९८१ आणि ८२ ला राष्ट्रीय विजेता होता.

१९९२ मध्ये त्याच विद्यापीठाने मुलींच्या संघाची सूत्रं तिच्या हाती दिली. (पोहत होती तोवर "ती" लिहिलं, आता कोच झाल्या, तर "त्या" म्हणायला हवं. तुमच्या घरातही हा बदल होणार आहे, हळूहळू.) खुर्ची साधी नव्हती. आधीच्या रिचर्ड क्विक यांनी १९८४ ते ८८ सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणली होती, त्यांच्यामागून आलेल्या मार्क शुबर्ट यांनी १९९० आणि ९१ ला आणखी दोन. स्टर्केलबाई २००६ पर्यंत, चौदा वर्षं त्या काठावर उभ्या होत्या. कॉन्फरन्सची विजेतेपदं आली. राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही.

हे वाचून तुमचे यजमान "बघा" म्हणतील, तर त्यांना सांगा की त्यानंतर २०२५ पर्यंतही टेक्सासच्या मुलींना ते मिळालं नाही. २०२१ ते २०२५ सलग पाच वर्षं ते व्हर्जिनियाने नेलं. कुणी कमी पडलं म्हणून मी हे सांगत नाही. सांगायचंय ते इतकंच, की जगातल्या सर्वांत वेगवान मुलींपैकी एक, ऑलिंपिकच्या दडपणात पंधराव्या वर्षी शर्यत फिरवणारी, ती काठावर आली तेव्हा पाण्यातलं ते सगळं तिच्याबरोबर आपोआप काठावर आलं नाही. पोहणं हा एक धंदा आणि शिकवणं हा दुसरा. पदकामुळे मुलाखतीला बोलावणं येतं. सोमवारी सकाळी सहा वाजता पाण्यात वीस-पंचवीस झोपाळू मुली असतात, त्यांना तुमच्या पदकाने ऊबसुद्धा मिळत नाही.

उलट चॅम्पियनला एक अडचण जास्तच असते. तिला "पाणी कळतं". हात पाण्यात गेला की कोपर वर ठेवून मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग वल्ह्यासारखा मागे ओढायचा, हे तिला सातव्या-आठव्या वर्षी कधीतरी जमून गेलेलं असतं, कसं ते तिलाही आठवत नाही. मग जिला जमत नाही तिला ती म्हणते, "अगं, पाणी पकड ना!" आता पाणी कुणाला पकडता येतं? आपल्याकडे मोठे गवय्ये असे असतात, तान घेऊन दाखवतात आणि म्हणतात, "हे असं." शिष्य बिचारा घरी जाऊन रडतो. तुमच्या मुलीने २०० बटरफ्लाय जिंकली म्हणजे पंचवीस यार्डांच्या आठ लांब्या खांदे जळत असताना काढल्या. सहाव्या लांबीला ज्या मुलीची कंबर खाली जाते आणि हात पाण्याबाहेर येईनासे होतात, तिच्या अंगात त्या क्षणी काय चाललंय हे तुमच्या मुलीला फक्त स्वतःच्या आठवणीतून माहीत आहे. दुसरीचं शरीर वेगळं, भीती वेगळी. ते बघायला शिकायचं, हा तिचा पुढच्या दोन वर्षांचा खरा अभ्यास. मास्टर्सची पदवी त्याच्याबरोबर पदरात पडेल.

आणि इथे स्टॅटिस्टिक्स लागतं, हे यजमानांना सांगा. प्रत्येक लांबीची वेळ, मिनिटाला किती हात, एका लांबीत किती हात, भिंतीवरून ढकलल्यावर पाण्याखाली किती अंतर, सरावातले आकडे आणि शर्यतीतले आकडे. हंगामाच्या शेवटी सराव कमी करत नेतात, ज्याला ही मंडळी टेपर म्हणतात, तो कुणाला दोन आठवडे मानवतो, कुणाला तीन, हे मागच्या नोंदींवरूनच ठरवावं लागतं. पुष्कळ कोच हे अंदाजाने करतात. अंदाज बरोबर आला की त्याला अनुभव म्हणतात.

आता तुमच्या "आणखी एक"कडे येते.

टेरी मॅककीव्हर हे दुसरं नाव. यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून पोहलेल्या, १९९२ मध्ये बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुलींच्या कोच झाल्या आणि तीस वर्षं राहिल्या. २००९, २०११, २०१२ आणि २०१५ ला राष्ट्रीय विजेतेपद. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला अमेरिकेच्या महिला संघाच्या हेड कोच, आणि त्या जागेवर बसलेली पहिली बाई. नॅटली कॉग्लिन त्यांच्याकडे २००० साली आली ती खांद्याच्या दुखापतीने आणि पोहण्याच्या कंटाळ्याने मोडलेली होती. मॅककीव्हरबाईंनी तिचं अंतर कमी केलं, तंत्रावर भर दिला, पाण्याबाहेरचे वेगळे व्यायाम आणले. २००२ मध्ये ती ५० मीटरच्या तलावात १०० मीटर बॅकस्ट्रोक एका मिनिटाच्या आत पोहणारी जगातली पहिली स्त्री ठरली, पुढे बारा ऑलिंपिक पदकं मिळवली. बायकांनी मुलींना कसं शिकवावं याचं उदाहरण म्हणून कितीतरी वर्षं हीच गोष्ट सांगत असत.

२०२२ मध्ये त्यांच्या संघात राहून गेलेल्या अनेक मुली बोलल्या. अपमान, ओरडणं, धमकावणं. विद्यापीठाने त्यांना रजेवर पाठवलं, बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली आणि जानेवारी २०२३ च्या अखेरीस कामावरून काढलं. त्यांनी आरोप नाकारले.

मी यात न्यायाधीश नाही. पण या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ वेळ बघितल्या आहेत. कॉग्लिनला जे मिळालं ते खरं असणार आणि ज्या मुली रडत बाहेर पडल्या त्यांचंही खरं असणार, असं मला वाटतं. दोन्ही एकाच काठावर घडू शकतं. जिंकलेली मुलगी पदक हातात घेऊन म्हणते, "तिने मला घडवलं." सोडून गेलेलीच्या हातात काही नसतं, म्हणून तिला कुणी विचारत नाही.

तुमच्या मुलीला मी "ओरडणं वाईट असतं" असं व्याख्यान देणार नाही, तुम्हीही देऊ नका. तिला तिच्याच विषयातलं एक गणित घाला. तिच्याबरोबर पहिल्या वर्षी किती जणी संघात आल्या होत्या? चौथ्या वर्षी किती उरल्या? ज्या गेल्या त्या कुठे आहेत, अजून पोहतात का, तलावाचं नाव काढलं तर त्यांचा चेहरा कसा होतो? युद्धातून परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजून भागत नाही, न परतलेली विमानं कुठे लागली ते शोधावं लागतं, हे तिला स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्याच वर्षात शिकवलं असेल. ती स्वतः परत आलेलं विमान आहे. तिच्या कोचची पद्धत यशस्वी होती असं ती म्हणते, तेव्हा तिने नमुना एकाच माणसाचा घेतलेला असतो, आणि तो माणूस ती स्वतः असते.

हा प्रश्न रागाने विचारू नका. गाडीत विचारा, समोर रस्ता असताना. माझ्या अनुभवाने या वयाची मुलं समोरासमोर बसल्यावर वाद घालतात आणि शेजारी बसल्यावर बोलतात. ती लगेच उत्तर देणार नाही. एखादं नाव मात्र तिला आठवेल. प्रत्येक संघात अशी एक असते, तिसऱ्या लेनमधली, जी सरावाला कधी चुकली नाही आणि बाहेरगावच्या स्पर्धेच्या यादीत कधी आली नाही. कोच झाल्यावर तुमच्या मुलीचा जास्त वेळ तिच्यासारख्या मुलींबरोबरच जाणार आहे, चॅम्पियनबरोबर नाही.

रडण्याबद्दल आणखी एक शब्द, फक्त तुमच्यासाठी. दोन वर्षं तुम्ही फोनवर ऐकून घेतलं आणि काही केलं नाही, अशी एक बोच पत्रात दिसते. तुम्ही काय करणार होतात? विमान पकडून कोचला जाब विचारला असता तर मुलीने वर्षभर तुमच्याशी अबोला धरला असता. तुम्ही फोन उचललात. ते कमी नव्हतं.

आता ती निघालीच आहे तर काय बघायचं ते सांगते. विद्यापीठाचं नाव, तलावाची लांबी, संघाची क्रमवारी हे सगळं दुय्यम. ग्रॅज्युएट असिस्टंटने बघायचं ते एकच, हाताखाली कुणाच्या काम करणार. आपल्याकडे गाणं शिकताना कॉलेज नाही, बुवा बघत, तसं. तिने त्या हेड कोचला सरळ विचारावं की आधीच्या असिस्टंट आता कुठे आहेत. त्यांच्यापैकी दोघींना फोन करावा. एक अशी हवी जी तिथून बढती घेऊन गेली आणि एक जी वर्षभरात निघून गेली. दोघी एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी. मग विचारावं, मला सरावाचे सेट लिहायला देणार का, की दोन वर्षं लेनच्या दोऱ्या ओढायच्या आणि हॉटेलच्या खोल्यांची यादी करायची? दोऱ्या ओढाव्या लागतीलच, त्याला इलाज नाही. पण आठवड्यातला एक सराव तरी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तिचा स्वतःचा असावा, पाटीवर तिच्या अक्षरात लिहिलेला.

आणि विचारावं, तुमच्याकडे मुलींची वजनं करतात का, आणि केली तर ती कोण बघतं. हा मला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो. सराव जास्त आणि खाणं कमी झालं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, मुलगी सतत आजारी पडते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने यावर निवेदन काढून त्याला रेड-एस असं नाव दिलं. त्याआधी कितीतरी वर्षं पाळी थांबणं ही चांगल्या सरावाची खूण मानणारे महाभाग काठावर होते. ज्या तलावावर सगळ्यांदेखत वजनकाटा ठेवलेला असतो तिथे काही विचारायची गरज नाही, बॅग उचलायची आणि परत यायचं. मुलींच्या संघाला बाई कोच का हवी याची मोठमोठी कारणं लोक देतात, मला एक लहान कारण पटतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला "पाळी आली नाही दोन महिने" हे कुणाला तरी सकाळी सहा वाजता, ओल्या केसांनी, पटकन सांगता यायला हवं. बाई असली म्हणजे सांगता येतंच असं नाही, हे वर आलंच.

बाया या धंद्यात आहेत किती? १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा टायटल नाईनचा कायदा आला तेव्हा कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संघांना बाई कोच होती. कायद्याने मुलींच्या खेळात पैसा आला, कोचला नीट पगार आला, आणि पगार आल्यावर पुरुष आले. २०१४ ला तो आकडा त्रेचाळीस टक्क्यांवर होता. पोहण्यात तर त्याहूनही कमी. त्यात मुलं आणि मुली यांचे संघ एकत्र करून वर एकच हेड कोच नेमायची पद्धत वाढली, आणि तो एक बहुतेक वेळा पुरुष असतो. बर्कलीलाही मॅककीव्हर बाजूला झाल्यावर मुलींचा संघ मुलांचे कोच डेव्ह डर्डन यांच्याकडेच गेला. तुमच्या टेक्सासला मात्र मुलींचा संघ वेगळा राहिला. २०१२ पासून कॅरल कॅपिटानी सांभाळतात, त्याही कॉलेजच्या पोहणाऱ्याच. ह्यूस्टनहून तीनेक तास गाडी हाकून मुलीला ऑस्टिनला जायला कुणी अडवलेलं नाही.

पैशाचं खरं सांगते, कारण ते लपवून उपयोग नाही. पहिली काही वर्षं तुटपुंजी. करार वर्षावर्षाचे. हेड कोच गेला की त्याच्याबरोबर असिस्टंटही जातात, घर भाड्याचंच बरं. हंगामात मुलींकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही असा नियम आहे. कोचच्या तासांना तसा नियम नाही. हायस्कूलच्या मुलींशी बोलणी करायची ती त्यांचं दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपासून, आणि त्या दिवशी मध्यरात्री बाराच्या ठोक्याला फोन सुरू होतात, तुमची लेक तेव्हा जागी असेल. त्यात खेळाडूंच्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. तो पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वाहणार हे सांगायला ज्योतिषी नको. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत मुलींच्या पोहणे-डायव्हिंग संघाला तीस जणींची मर्यादाही आली. अशा वेळी पोहण्यासारखे खेळ कायम भीतीखाली असतात. विमा कंपनीत ही भीती नाही, हे यजमानांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

म्हणून त्यांना मुदत द्या. दोन वर्षं, मास्टर्स संपेपर्यंत. स्टॅटिस्टिक्स दोन वर्षांत नासत नाही. सव्वीस वर्षांची होईपर्यंत ती तुमच्या आरोग्य विम्यात राहू शकते, ही एक काळजी आजच कमी करा. शिवाय या वाटेवर सगळे जण पायऱ्या चढत सरळ वर जातात असं काही नाही. स्टॅनफर्डकडून पोहलेली ली लव्हलेस, १९९२ च्या बार्सिलोनाला १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये कांस्य आणि मेडली रिलेत सुवर्ण, १९९८ ला पर्थमध्ये जागतिक विजेती. लग्नानंतर ली मॉरर. २००५ ते २०१२ स्टॅनफर्डच्या मुलींच्या कोच होत्या, मग तिथून बाहेर पडल्या, आणि थेट दहा वर्षांनी २०२२ मध्ये यूएससीच्या हेड कोच झाल्या, मुलं आणि मुली दोघांच्या. मधली दहा वर्षं कुणी त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत छापत नव्हतं.

उन्हाळ्यात विद्यापीठाच्या तलावावर लहान मुलांची शिबिरं असतात, तिथे तिला उभं करतीलच. त्याआधी सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळातल्या मुलांच्या सुरक्षिततेचं, प्रशिक्षण पुरं करायला सांगा, आणि अठराच्या आतल्या मुलांना खासगी मेसेज करायचा नाही, पालक किंवा दुसरा कोच त्यात असलाच पाहिजे, हे अंगवळणी पाडायला सांगा. बावीस वर्षांच्या मुलीला सोळा वर्षांची मुलगी मैत्रीणच वाटते. तिथेच गडबड होते.

एक शंका मात्र तिच्या मनात येऊन गेली असेल, ती तुम्ही ओळखून असा. शेवटची शर्यत पोहून झाली तरी अंगातली भूक जात नाही. आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे, २००८ ला बीजिंग ऑलिंपिक, २०१० ला आशियाई स्पर्धेत बटरफ्लायचं कांस्य, मग तहसीलदार झाला. खुर्ची मिळाली, गाडी मिळाली. तरी २०१८ ला परत आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत उभा राहिला आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्य हुकलं. तुमची मुलगी कोच झाली की पहिले काही महिने स्टॉपवॉच हातात धरून मनात स्वतःच पोहत असेल. तेव्हा दुसरीची वेळ चांगली आली की आनंदाबरोबर थोडी कळही येते. याला मत्सर म्हणून तिने स्वतःला दोष देऊ नये. रोज दुपारी तासभर स्वतः पोहावं, घड्याळ न लावता. बहुतेकींचं तेवढ्यावर भागतं.

राहिल्या सासूबाई. त्यांना ग्रॅज्युएट असिस्टंट वगैरे सांगत बसू नका. "नात विद्यापीठात लागली, मुलींना शिकवते, वर एमएस करते," एवढं सांगा. साताऱ्यात तेवढं पुरतं. "काय शिकवते?" असं विचारलंच, तर खरं सांगा. कोण जाणे, त्याही कुठल्या तरी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकल्या असतील. विचारलंत कधी?

आणि ऑक्टोबरात तिचा एखादा सकाळचा सराव बघून या. न सांगता नाही, सांगून. मागच्या बाकावर बसा, थर्मासमध्ये चहा न्या, लोकरीचा कोट गाडीतच ठेवा, आतल्या दमटपणात जीव घाबरतो. तिच्याकडे बघू नका. तिसऱ्या लेनकडे बघा, आणि तिकडे ती किती वेळा जाते ते मोजून मला कळवा.